ब्रिटनमध्ये ग्रीन गॅस घेताय? आधी हे बघा

‘ग्रीन’ प्लॅन घेतला म्हणून तुमच्या शेगडीला वेगळा गॅस येत नाही. उरलेलं अन्न, शेण वगैरेंपासून केलेला बायोमिथेन सगळ्यांच्याच पाइपलाइनमध्ये मिसळतो; भाकरी फुगते ती त्याच मिसळलेल्या गॅसवर. तुम्ही जादा पैसे मोजता ते कंपनीने तुमच्या नावावर घेतलेल्या बायोमिथेन प्रमाणपत्रांसाठी, म्हणजे आरजीजीओसाठी.

म्हणून पहिला प्रश्न हाच: किती टक्के गॅसमागे आरजीजीओ आहेत? दहा की शंभर? नुसतं ‘कार्बन न्यूट्रल’ लिहिलं असेल तर बहुधा साधाच गॅस असतो आणि त्याची भरपाई म्हणून कुठेतरी झाडं लावलेली असतात. त्यासाठी मी तरी एक पेनीही जास्त देणार नाही.

मग जुन्या बिलावरचा वर्षाचा वापर किलोवॉट-अवरमध्ये काढा. वापर १०,००० असेल तर युनिटमागे एका पेनीचा फरक म्हणजे वर्षाला १०० पौंड. स्टँडिंग चार्जमध्ये, म्हणजे गॅस वापरा न वापरा रोज द्याव्या लागणाऱ्या ठरावीक रकमेत, रोज ५ पेन्स जास्त, तर वर्षाचे सव्वाअठरा पौंड. छोट्या फ्लॅटमध्ये दोघंच राहत असाल, तर युनिटचा दर स्वस्त दिसूनही हा चार्ज खिसा कापतो. हा एकूण आकडा ऑफजेम या ऊर्जा नियामकाच्या प्राइस कॅपच्या, म्हणजे त्याने ठरवलेल्या कमाल दराशी ताडून बघा. तो दर तीन महिन्यांनी बदलतो.

सध्याचा फिक्स्ड प्लॅन संपत आला असेल तर थोडं थांबा. शेवटच्या ४९ दिवसांत कंपनी बदलली तर एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी प्लॅन सोडल्याचा आकार, लागत नाही.