रिसेप्टर असूनही संसर्ग का होत नाही? रेट्रोविषाणूंच्या प्रयोगांतील या चुका टाळा

पेशीवर रिसेप्टर (विषाणू ज्याला चिकटतो ते पृष्ठभागावरचे प्रथिन) असला की रेट्रोविषाणू (एचआयव्हीसारखा, आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवणारा विषाणू) आत शिरतो आणि नसला की शिरत नाही, ही समजूत अर्धवट आहे. तिच्यावर विसंबून काढलेले निष्कर्ष प्रयोगशाळेत वारंवार फसतात.

एचआयव्हीचा इतिहासच पाहावा. सीडी४ हे प्रथिन या विषाणूचा रिसेप्टर असल्याचे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. परंतु उंदराच्या पेशींवर मानवी सीडी४ बसवल्यावर विषाणू त्यांना चिकटला, आत मात्र गेला नाही. या कोड्याचा उलगडा होण्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले, तेव्हा सीएक्ससीआर४ आणि सीसीआर५ हे सहरिसेप्टर, म्हणजे प्रवेशासाठी सीडी४च्या जोडीला लागणारी प्रथिने, हाती आले. विषाणूच्या आवरणातले जीपी१२० हे प्रथिन सीडी४ला जोडले गेले की त्याचा आकार बदलतो, सहरिसेप्टरला जोडली जाणारी जागा उघडी पडते आणि त्यानंतरच आवरणातलेच जीपी४१ हे प्रथिन विषाणू आणि पेशी यांच्या पटलांचे मीलन घडवून आणते. त्यामुळे फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरची प्रथिने मोजणाऱ्या यंत्रावर) केवळ सीडी४ पाहून पेशींना संसर्गक्षम ठरवणे ही पहिली चूक होय. जुर्काट या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी टी-पेशींवर सीडी४ आणि सीएक्ससीआर४ असतात, पण सीसीआर५ जवळपास नसते. त्यांवर सीसीआर५ वापरणारा एचआयव्हीचा वाण टाकून विषाणूचा साठाच खराब निघाला असे म्हणणे अन्यायाचे आहे. मॅराविरॉक हे एचआयव्हीविरोधी औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या विषाणूचा सहरिसेप्टर तपासतात, तेही याच कारणाने, कारण हे औषध फक्त सीसीआर५ची वाट अडवते.

दुसरी चूक नेमकी उलट दिशेची आहे: संसर्ग दिसला नाही, म्हणजे रिसेप्टर नाही. ऱ्हीसस माकडाच्या पेशींत एचआयव्ही-१ शिरतो, पण आत गेल्यावर ट्रिम५-अल्फा हे प्रथिन त्याला रोखते. उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूला तर पेशीचे विभाजन व्हावे लागते, म्हणून न विभागणाऱ्या पेशींत रिसेप्टर असूनही काही घडत नाही. अडथळा प्रवेशाचा की नंतरचा, हे ठरवण्यासाठी विषाणूचा तोच गाभा व्हीएसव्ही-जी (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस या वेगळ्या विषाणूचे आवरण प्रथिन) आवरणात भरून समांतर चाचणी करावी. ती यशस्वी झाली आणि मूळ आवरणाची फसली, तर संशय प्रवेशावर जातो. अर्थात व्हीएसव्ही-जीलाही एलडीएल रिसेप्टर लागतो आणि तो विश्रांत (सक्रिय न झालेल्या) टी-पेशींवर कमी असतो, त्यामुळे तिथे दोन्ही चाचण्या फसल्या तरी निष्कर्षाची घाई नको.

ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने भांड्यापासून पेशी सोडवून लगेच रिसेप्टर मोजू नये, कारण पृष्ठभागावरची काही प्रथिने त्याने कापली जातात. धुतलेल्या पेशींत पी२४ (एचआयव्हीच्या गाभ्याचे प्रथिन) सापडले म्हणजे प्रवेश झाला, असेही नाही; एंडोसोममध्ये (पेशीने बाहेरचे पदार्थ आत घेताना बनणाऱ्या पिशवीत) अडकून नष्ट होणारे कणही त्या मोजणीत येतात.

एक बाब मात्र अनुभवी मंडळींच्याही नजरेतून सुटते. आधीच रेट्रोविषाणूने बाधित असलेल्या पेशीत तयार होणारे आवरण प्रथिन तिचाच रिसेप्टर अडवून ठेवते, म्हणून तोच रिसेप्टर वापरणारा दुसरा विषाणू तिथे शिरू शकत नाही. इकोट्रॉपिक (फक्त उंदीरवर्गीय पेशींत शिरू देणारे) आवरण तयार करणाऱ्या उंदरांच्या पॅकेजिंग पेशींना (विषाणूचे कण बनवणाऱ्या पेशींना) इकोट्रॉपिक वाहकाचा (जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूचा) संसर्ग कमी होतो, तो यामुळेच. अशा वेळी विषाणूची मात्रा वाढवत बसण्यापेक्षा वेगळा रिसेप्टर वापरणारे, उदाहरणार्थ अॅम्फोट्रॉपिक (उंदराखेरीज इतर प्राण्यांच्या पेशींतही शिरू देणारे), आवरण घ्यावे.