सुळा उपटायची घाई आणि तारा लावल्यावरच्या इतर चुका

"डॉक्टर, लेकराचा सुळा लई वर आलाय, बघवंना गेलंय. उपटून टाका." गेवराईकडून आलेले वडील बोलत होते आणि तेरा वर्षांचं पोरगं ओठ घट्ट मिटून बसलं होतं. असं महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. दात वेडेवाकडे म्हणून येणाऱ्यांची पहिली चूक हीच.

वरचा पक्का सुळा येतो साधारण 11-12 व्या वर्षी. तोवर पुढचे दात आणि उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) जागा धरून बसलेल्या असतात. भरलेल्या एसटीत शेवटी चढणाऱ्यासारखं त्याला मग दारात लटकावं लागतं. यात सुळ्याचा काय दोष? उलट त्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब, सरासरी 17 मिलिमीटरच्या आसपास. म्हातारपणी शेजारचे दात पडले तरी बहुतेकांचा सुळा टिकून असतो. दात काढूनच जागा करायची वेळ आली, तर आम्ही बहुधा मागची पहिली उपदाढ काढतो आणि सुळा खाली ओढून आणतो. सुळा गेला की ओठाचा कोपरा आत बसतो आणि बाजूने चावताना येणारा भार मागच्या दातांवर पडतो.

हा भार कळायला आरशासमोर उभे राहा. दाढा नीट मिटून खालचा जबडा हळूच उजवीकडे सरकवा. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या आतल्या अंगावरून घसरतो आणि दाढा सुटतात, बघा. काहींत उजवीकडच्या उपदाढाही थोडा भार घेतात, तेही चालतं. पण डावीकडच्या दाढा घासत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. आता पुन्हा दाढांवर चावा. वरच्या सुळ्याचं टोक खालचा सुळा आणि त्यामागची उपदाढ यांच्या मधोमध यायला हवं.

म्हणूनच "पुढचे दात सरळ झाले, लग्न जवळ आलंय, तारा काढा" हा हट्ट महागात पडतो. फोटो छान येतो, पण मागचा चावा अर्धवट बसलेला असतो.

दुसरी चूक सुळा दिसतच नाही तेव्हाची. मूल 9-10 वर्षांचं झालं की दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवा. पक्क्या सुळ्याचा फुगवटा लागतो. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर एक्स-रे काढा. शंभरात एक-दोघांचा वरचा सुळा हाडातच अडकतो, बहुतेक वेळा टाळूच्या बाजूला. वेळेत दुधाचा सुळा काढला तर पुष्कळदा पक्का आपोआप वाट धरतो. उशीर झाला की हिरडी उघडा, साखळी चिकटवा, महिनोन्महिने ओढा. शिवाय अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो, आणि ते दुखतही नाही.

"एकही दात काढू नका, जागा रुंद करा" असंही लोक म्हणतात. वरच्या जबड्यात ते काही प्रमाणात जमतं. खालचे सुळे मात्र बाहेर ढकलले तर ते बहुधा आपल्या जुन्या जागी परत येतात, आणि पुढचे दात पुन्हा गर्दी करतात.

किनवट भागातून येणाऱ्यांना एक वेगळा त्रास. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग असतील तर ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवायचे छोटे तुकडे, नीट चिकटत नाहीत, सारखे निघतात. डाग आहेत हे आधीच सांगा, चिकटवायची तयारी वेगळी करावी लागते. आणि तारा असेपर्यंत ऊस दातांनी सोलायचा नाही. हुरडा चालेल, पण नंतर ब्रश.

तारा निघाल्या की रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा. तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवाल तर हरवाल, उकळत्या पाण्यात धुवाल तर वाकेल. बोअरच्या पाण्याने पांढरा थर धरला तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, मग ब्रशने साफ करा. चार दिवसांनी घातला आणि घट्ट लागला तर दात हललेत असं समजा. बसतच नसेल तर जबरदस्ती करू नका.

खालच्या दातांच्या आतून, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चिकटवलेली बारीक तार असेल तर रोज रात्री जिभेने चाचपा. एका दाताची जरी सुटली तरी तो दात एकटाच फिरायला लागतो. तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात या.