पॅराटायफॉइडची फाइल कोड कशी करावी

पुण्यात पावसाळा लागला की आमच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात तापाच्या फायलींची चळत वाढते. डेंगी, मलेरिया, लेप्टो बाजूला काढले की उरलेल्या बऱ्याच डिस्चार्ज कार्डांवर दोनच शब्द असतात: 'एन्टरिक फिव्हर', म्हणजे टायफॉइड आणि पॅराटायफॉइड या दोन्हींचं सामायिक नाव. कोडर, म्हणजे निदानाला ठरलेला कोड देणारा, आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय सूची उघडतो, त्या शब्दांसमोर ए०१.० दिसतो, तोच टाकतो आणि फाइल मिटवतो. ए०१.० म्हणजे टायफॉइड. पॅराटायफॉइड, टायफॉइडसारखाच पण वेगळ्या साल्मोनेला जंतूचा ताप, इथेच हरवतो.

कोड सोपे आहेत. पॅराटायफॉइड ए म्हणजे ए०१.१, बी म्हणजे ए०१.२, सी म्हणजे ए०१.३. प्रकार लिहिलाच नसेल तर ए०१.४. आपल्याकडे सापडतो तो बहुतेक वेळा ए.

खरं काम त्याआधीचं: निदान कशावर उभं आहे ते पाहणं. मी नवीन असताना सिंहगड रोडच्या एका कॉलेजातल्या मुलाची फाइल कार्डावरूनच ए०१.० करून टाकली. तो घरी गेल्यावर दोन दिवसांनी ब्लड कल्चरचा (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) अंतिम रिपोर्ट आला होता: साल्मोनेला पॅराटायफी ए. तो लॅबच्या संगणकावर पडून होता आणि फाइलमध्ये कुणी लावलाच नव्हता. विमा कंपनीची क्वेरी आली तेव्हा मला कळलं. तेव्हापासून कल्चर पाठवल्याची नोंद असेल तर अंतिम रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही. जंतू वाढला तर तो सहसा दोन-तीन दिवसांत दिसतो, पण 'वाढ नाही' हे अंतिम उत्तर द्यायला लॅब पाच दिवस थांबते. तोवर पेशंट घरी गेलेला असतो.

कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून आजार नव्हता, असं धरू नका. रक्त पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं असेल तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे पेशंट मेडिकलमधून गोळ्या घेऊन, चार दिवस वाट पाहून येतो. म्हणून औषधपत्रकावर पहिल्या डोसची वेळ आणि लॅबच्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आता विडाल, म्हणजे जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजणारी तपासणी. त्यात ओ, एच, एएच आणि बीएच असे चार आकडे येतात. एएच वाढलेला दिसला की 'पॅरा ए' ठरवून मोकळं व्हायचं, हा सल्ला मला ट्रेनिंगमध्येही मिळाला होता आणि तो चुकीचा आहे. पूर्वीचा संसर्ग, इतर साल्मोनेला, यांनीही आकडा चढतो. सात ते दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली तर त्याला वजन आहे, आणि दुसऱ्या नमुन्याला क्वचितच कुणी परत येतं. टायफॉइडच्या झटपट तपासणीची रॅपिड कार्डं टायफीसाठी, म्हणजे टायफॉइडच्या जंतूसाठी, बनवलेली असतात. ती निगेटिव्ह असली तरी पॅराटायफॉइड नाही असं ठरत नाही.

कल्चरमध्ये पॅराटायफी ए आहे आणि कार्डावर 'एन्टरिक फिव्हर', अशा वेळी कोड स्वतःहून बदलू नका. निदान डॉक्टरांचं असतं. त्यांना लेखी विचारा, आणि उत्तर सुचवू नका: "सर, या तारखेच्या कल्चरमध्ये साल्मोनेला पॅराटायफी ए आला आहे. अंतिम निदान काय नोंदवावं?" 'पॅराटायफॉइड लिहू का?' असं विचारलंत तर घाईत 'हो' मिळतं, आणि ऑडिटमध्ये ते टिकत नाही.

एवढा आटापिटा का, असं नवी मुलं विचारतात. टायफॉइडची लस पॅराटायफॉइड ए पासून संरक्षण देत नाही. नवी मुंबईत २०१८ मध्ये महापालिकेने मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली. अशा मोहिमेनंतर टायफॉइड किती घटला हे मोजताना पॅराटायफॉइडच्या केसेस ए०१.० मध्ये मिसळलेल्या असतील, तर चांगली लसही निकामी वाटेल.

डॉक्टरांचं उत्तर सही-तारखेसह फाइलमध्ये लावा, कल्चरचा कागद त्याच्या मागे जोडा, आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये ए०१.० खोडून ए०१.१ करा.