माध्यमिक वर्गात स्पॅनिश शिकवताना साहित्यातल्या या चुका टाळा

मुंबईत स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. त्यामुळे वर्कशीट, फ्लॅशकार्ड, भिंतीवरचे तक्ते असं बरंचसं साहित्य इंटरनेटवरून उतरवलेलं असतं आणि ते ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या पंचवीस मुलांच्या वर्गासाठी बनवलेलं असतं. तिथल्या बहुतेक मुलांच्या हाताशी इंग्रजी सोडून दुसरी भाषा नसते. आपल्या आठवीतली मुलगी घरी मराठी बोलते, इमारतीखाली हिंदी आणि वर्गात इंग्रजी. आयतं साहित्य तिला स्पॅनिशकडे इंग्रजीच्या रस्त्याने नेतं, आणि तोच रस्ता सगळ्यांत लांबचा आहे.

व्याकरणाची वर्कशीट इंग्रजीतून समजावणं

'मे गुस्ता' (मला आवडतं) घ्या. ब्रिटिश वर्कशीटवर यासाठी अख्खं पान खर्ची पडतं, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं त्या माणसाला कर्ता करावं लागतं. मग मुलं 'यो गुस्तो' ('यो' म्हणजे मी) लिहितात आणि शिक्षक वर्षभर त्यावर लाल रेघा मारतात. मराठीत ही अडचण मुळातच नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. वर्कशीटच्या डाव्या रकान्यात मराठी वाक्य आणि उजव्यात स्पॅनिश, अशा आठ जोड्या दिल्या तर नियम सांगायचीही गरज उरत नाही. वर्गात गुजराती, तमिळ घरातली मुलं असतील तर त्यांच्या भाषेतली एक-एक जोडी त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्यावी. रचना तिथेही जुळते.

माणसापुढे लागणाऱ्या 'आ'चंही तेच. 'मी घर पाहतो' यात घराला प्रत्यय नाही, 'मी मारियाला पाहतो' यात आहे. स्पॅनिशमध्ये 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मारिया'. फक्त एका ठिकाणी सावध राहा. देवनागरीत लिहिलं की 'ला कासा'तला 'ला' मुलांना मराठी प्रत्यय वाटतो आणि ती 'वेओ ला मारिया' लिहून मोकळी होतात. म्हणून या धड्याच्या वर्कशीटवर आर्टिकल (पुल्लिंगी 'एल', स्त्रीलिंगी 'ला') चौकटीत छापा आणि 'आ' अधोरेखित करा.

भूतकाळाच्या दोन रूपांवर तर आयत्या साहित्यात तासच्या तास जातात. मराठी मुलाला विचारा, 'लहानपणी आजोळी आंबे खायचो' आणि 'काल आंबा खाल्ला' यांत फरक काय. तो लगेच सांगेल. खायचो म्हणजे कोमिया, खाल्ला म्हणजे कोमी. 'पाऊस पडत होता' हेही पहिल्याच गटात जातं. जुळत नाही ते नुसतं 'होता'. तिथे मराठी एकच रूप वापरते आणि स्पॅनिशमध्ये संदर्भ पाहून 'एरा' किंवा 'फुए' ठरवावं लागतं. तेव्हा सरावाची वाक्यं निवडताना पहिल्या दोन तासांत 'होता'ची वाक्यं ठेवू नका. आधी पाया बसू दे.

मराठी मदत करत नाही ती 'सेर' आणि 'एस्तार'च्या बाबतीत. आपल्याकडे दोन्हीला 'आहे'. इथे हमखास आढळणारा तक्ता म्हणजे 'कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार'. हा तक्ता भिंतीवरून आजच काढा. दादर स्टेशन जागचं हलत नाही, तरी तिथे एस्तार. मेलेला माणूस परत येत नाही, तरी एस्तार. तीन वाजणं क्षणभराचं, तरी सेर. मुलांनी तक्ता पाठ केला की ती याच वाक्यांत चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्याऐवजी प्रश्नांचा तक्ता लावा. कोण, काय, कुठला, कोणाचं, किती वाजले यांना सेर. कुठे आणि कसा (म्हणजे सध्याची अवस्था) यांना एस्तार. एक अपवाद तक्त्यातच लिहून ठेवा: कार्यक्रम कुठे आहे असं विचारलं तर सेर. वाढदिवस माझ्या घरी आहे, 'एस एन मी कासा'.

फ्लॅशकार्डवर नुसता शब्द

कार्डावर चित्र आणि खाली 'मेसा' एवढंच असेल तर मुलं लिंग चुकणारच. टेबल मराठीत नपुंसक, मेसा स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसक, लिब्रो पुल्लिंगी. घर नपुंसक, कासा स्त्रीलिंगी. शब्द नेहमी आर्टिकलसकट छापा. 'शेवटी ओ असेल तर पुल्लिंगी, आ असेल तर स्त्रीलिंगी' हा नियम लावायचा असेल तर त्याच दिवशी एल दिया, एल मापा, एल प्रोब्लेमा आणि ला मानो ही चार कार्डंही द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात नियमच मोडून सांगावा लागेल.

लिंगासाठी निळा-लाल रंग वापरायची पद्धत सुरेख दिसते, पण ती झेरॉक्सच्या दुकानापर्यंतच टिकते. काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही रंग राखाडी होतात. पुल्लिंगी शब्दाला अखंड चौकट, स्त्रीलिंगीला तुटक रेघेची चौकट द्या. प्रत कितीही फिकट आली तरी फरक दिसतो.

आकाराचा विचारही आधीच करा. पन्नास मुलांच्या वर्गात शेवटचा बाक सात-आठ मीटरवर असतो. २०० पॉइंटला मोठी इंग्रजी लिपी सुमारे ५ सेंटीमीटर उंच येते आणि छोटी साडेतीन. आडव्या ए-फोर कागदावर या आकारात आठ-नऊ अक्षरंच मावतात. त्याहून लांब शब्द असेल तर अक्षर बारीक करू नका, ए-थ्री घ्या.

गटात खेळायची कार्डं लहान लागतात आणि ती पावसाळ्यात मरतात. कारण बहुधा एकच असतं: आधी अख्खं ए-फोर पान लॅमिनेट करायचं आणि मग त्याची चार कार्डं कापायची. कापलेली कड उघडी राहते, दमट हवा आत शिरते, कागद फुगतो आणि प्लास्टिक सुटतं. कार्ड आधी कापा, मग पाउचमध्ये घाला. ए-फोरचे चार समान तुकडे पाउचमध्ये ठेवले तर मधे जागाच उरत नाही, म्हणून कार्डाचं माप ९५ बाय १३८ मिलिमीटर धरा. चार कार्डं एका पाउचमध्ये बसतात, त्यांच्यामध्ये आठ-नऊ मिलिमीटर मोकळी पट्टी राहते आणि मधोमध कापलं की प्रत्येक कडेला चार मिलिमीटर बंद प्लास्टिक उरतं. पाउच १२५ मायक्रॉनचं घ्या, पातळ पाउच वाकतं. इंकजेटवर छापलं असेल तर शाई रात्रभर वाळू द्या. जाड कागद आणि पाउच घाऊक भावात हवे असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आहेच.

खुणा गाळलेली अक्षरं

'एन्ये' या एनसारख्या अक्षरावरची नागमोडी रेघ विसरली की काय होतं हे प्रत्येक स्पॅनिश शिक्षकाला ठाऊक असतं. मुलांना मात्र ते छापील पानावरून कळू नये. 'तेंगो त्रेसे आन्योस' म्हणजे मी तेरा वर्षांचा आहे. रेघ गेली की आन्योसचं आनोस होतं आणि तो शब्द शरीराच्या अशा भागाचा आहे की वर्गात पुढची दहा मिनिटं वाया जातात. विंडोजच्या संगणकावर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर १६४ टाइप केलं की एन्ये येतो. आ, ए, इ, ओ, उ या स्वरांवरच्या तिरक्या खुणांसाठी अनुक्रमे १६०, १३०, १६१, १६२, १६३. उलटं प्रश्नचिन्ह १६८, उलटं उद्गारचिन्ह १७३. फोनवर मूळ अक्षर दाबून धरलं की पुरतं. छपाईला फाइल वर्डमध्ये देऊ नका, पीडीएफ करून द्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन छापले जातात आणि ते साठ प्रती निघाल्यावर कळतं.

वर्गातला वर्णमालेचा तक्ता मोजून पाहा. २९ अक्षरं असतील तर तो जुना आहे. 'चे' (सी-एच) आणि 'एये' (डबल एल) ही जोडाक्षरं २०१० च्या शुद्धलेखन नियमांत वर्णमालेतून वगळली गेली, आता अक्षरं २७.

देवनागरी उच्चार: किती आणि कुठवर

सुरुवातीला शब्दाखाली देवनागरी उच्चार लिहिणं फायद्याचं आहे. इंग्रजी माध्यमातलं मूल रोमन लिपी पाहिली की 'टोमॅटो'च्या चालीवर वाचतं. 'तोमाते' असं लिहिलं की त लगेच दाताजवळ येतो. तोंडासमोर कागद धरून तो हलू न देण्याचा व्यायाम ब्रिटिश साहित्यात असतो. आपल्याकडे 'त म्हणा, थ नको' एवढ्यानेच काम होतं.

पण दोन-तीन आठवड्यांनी हा आधार काढून घ्या. देवनागरीत आघात दिसत नाही. 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' या दोन्हींचा उच्चार आपण 'आब्लो' असाच लिहू. खरा फरक आघात पहिल्या स्वरावर आहे की शेवटच्या, यात आहे आणि तो स्पॅनिश लिपीतल्या खुणेतच दिसतो. जोराचं अक्षर ठळक छापणं हा तात्पुरता उपाय.

ऐकण्याचा तास बिघडतो तो तयारीत

फोनच्या स्पीकरवर पन्नास मुलांना काही ऐकू येत नाही, त्यात पंखे आणि बाहेरचे हॉर्न. ब्लूटूथ स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधल्या बाकावर ठेवा. फाइल आदल्या दिवशी उतरवून घ्या. वेग ०.७५ च्या खाली नेऊ नका, कारण शब्द एकमेकांत मिसळण्याची जी सवय कानाला लावायची, तीच त्यात मोडते. प्रश्न वाचायला आधी एक मिनिट द्या आणि तीनदा ऐकवा: एकदा नुसतं, एकदा उत्तरं लिहीत, एकदा मजकूर समोर ठेवून. संगणकाचा आवाज वापरत असाल तर भाषेच्या यादीत स्पेन निवडलंय की मेक्सिको, ते पाहा. दोन्ही चालतील, पण एकाच धड्यात दोन्ही नकोत.

हीच सरमिसळ शब्दांत होते. एका वर्कशीटवर 'सुमो', दुसऱ्यावर 'हुगो', आणि दोन्ही फळांचे रस. गाडीला 'कोचे' आणि 'कार्रो', संगणकाला 'ऑर्देनादोर' आणि 'कोंपुतादोरा'. वर्षाच्या सुरुवातीला एक बाजू ठरवा आणि दुसऱ्या बाजूचे शब्द कोपऱ्यात बारीक द्या. जेवणाच्या तक्त्यावर 'तोर्तिया'चं चित्र कोणत्या देशाचं आहे ते लिहा. स्पेनमध्ये ते बटाट्याचं जाड ऑम्लेट आहे, मेक्सिकोत मक्याची किंवा गव्हाची पोळी.

परकी घरं, परकी नाती

पोटमाळा, अंगणातलं गॅरेज, रेषेत बांधलेली दुमजली घरं हे शब्द परळ-डोंबिवलीच्या मुलाच्या काय कामाचे? 'पिसो', 'आसेन्सोर', 'बेसिनो' (म्हणजे फ्लॅट, लिफ्ट, शेजारी) आधी शिकवा. नात्यांच्या वंशवेलीत आपल्याकडे काका, मामा वेगळे आणि स्पॅनिशमध्ये दोघेही तीओ. मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या तीआ. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ सगळे प्रीमो. वंशवेल रिकामी देऊन मुलांना मराठी नाती आधी भरू द्या, मग स्पॅनिश. आणि 'माझे काका' म्हणायला 'मी काका' असं म्हणणाऱ्या मुलाला वेळीच थांबवा (स्पॅनिश 'मी' म्हणजे माझा). स्पॅनिश बाळांच्या भाषेत काका म्हणजे शी.

क्रमवाचक संख्यांसाठी पश्चिम रेल्वेचा नकाशा वापरा. चर्चगेट पहिलं, माटुंगा रोड दहावं, आणि रोजच्या बोलण्यात क्रमवाचक शब्द बहुतेक दहापर्यंतच येतात. 'प्रोक्सिमा एस्तासियोन' म्हणजे पुढील स्टेशन. माद्रिदच्या मेट्रोत हीच घोषणा होते. मोठ्या संख्यांत लाख म्हणजे 'सिएन मिल' आणि कोटी म्हणजे 'दिएस मियोनेस'. 'बियोन' मात्र एकावर बारा शून्यं, इंग्रजी बिलियन नव्हे.

खेळ आणि परीक्षा

बिंगोची एकसारखी छापील कार्डं वाटली की अर्धा वर्ग एकदम ओरडतो. फळ्यावर वीस शब्द लिहा आणि मुलांना वहीत तीन बाय तीनची चौकट आखून त्यातले नऊ निवडू द्या. जिंकणाऱ्याने नऊही शब्द आर्टिकलसकट मोठ्याने वाचायचे, चुकला तर खेळ पुढे चालू. क्रियापदांच्या रूपांसाठी जहाजं बुडवण्याचा खेळ (बॅटलशिप) उत्तम, कारण तो बाकावरच्या दोघांत, जागा न सोडता आणि हळू आवाजात होतो. आडव्या ओळींत सहा पुरुष, उभ्या रकान्यांत आठ क्रियापदं, प्रत्येक घराला पूर्ण रूप बोलायचं.

लेखी वर्कशीटचाच ढीग साचतो, ही शेवटची आणि महागात पडणारी चूक. केंब्रिजच्या आयजीसीएसई परकीय भाषा स्पॅनिशमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं यांना प्रत्येकी २५ टक्के आहेत. इन्स्तितुतो सेर्बांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या 'डेले' या स्पॅनिश प्रमाणपत्र परीक्षेत वाचन-लेखनाचा एक गट आणि श्रवण-संभाषणाचा दुसरा, आणि दोन्हींत ५० पैकी ३० मिळाल्याशिवाय पास नाही. लिहिण्यात पैकीच्या पैकी मिळवूनही मूल नापास होऊ शकतं. तोंडी सरावाची वीस प्रश्नकार्डं एका डब्यात ठेवा आणि दर तासाला शेवटची आठ मिनिटं चार मुलांना प्रत्येकी दोन मिनिटं द्या. पन्नासच्या वर्गात तेरा तासांत सगळ्यांची पाळी येते, आठवड्याला तीन तास असतील तर साधारण महिन्याभरात. कोणाची पाळी झाली ते हजेरीपत्रकाच्या मागेच टिपून ठेवा.