मोसुलपाशी आपटलो : ऑटोमन विघटनाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या यूपीएससीच्या टेस्ट सिरीजच्या एका उत्तरपत्रिकेवर लाल शाईत दोनच शब्द आहेत : 'मोसुल कुठे?' पंधरापैकी चार गुण. तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरच्या मित्राला कागद दाखवून म्हटलं, तपासणाऱ्याला काही कळत नाही. दोन मेन्स हातच्या गेल्यावर उमगलं की कळत मलाच नव्हतं. आता एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो आणि दरवर्षी निम्म्या वह्यांत माझंच जुनं वाक्य भेटतं. म्हणून हे लिहायला बसलो.

तुम्ही इतिहास ऑप्शनल घेतलाय आणि जागतिक इतिहासात १९१४ पर्यंत येऊन पोचलाय, असं धरून चालतो. ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानाचं साम्राज्य, त्यालाच 'युरोपचा आजारी माणूस' म्हणायचे; यापलीकडे सांगत बसत नाही.

तर ते वाक्य असं : '१९१६ च्या साइक्स-पिको कराराने ब्रिटन आणि फ्रान्सने नकाशावर रेघ मारली आणि त्यातून आजचे इराक, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन निर्माण झाले.' वाचायला झकास. एक करार, दोन साहेब (ब्रिटनचा साइक्स, फ्रान्सचा पिको), एक पट्टी. प्रत्येक नोट्समध्ये आहे, प्रत्येक यूट्यूबवाल्याच्या तोंडी आहे. आणि या रूपात ते चूक आहे.

कराराचा, म्हणजे ऑटोमन मुलखाच्या त्या वाटणीचा, नकाशा एकदा स्वतः उघडून बघा. त्यात मोसुल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात आहे. पॅलेस्टाइनचा मोठा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली आहे. रशियाचाही वाटा ठरलेला आहे, जो क्रांतीनंतर बुडाला. बोल्शेविकांनी तर नोव्हेंबर १९१७ मध्ये हा गुप्त करार छापूनच टाकला. आज मोसुल कुठे आहे? इराकमध्ये. म्हणजे ज्या रेघेतून इराक 'निर्माण झाला' म्हणता, त्या रेघेप्रमाणे इराकचं हे एवढं मोठं शहर इराकमध्ये यायलाच नको. तपासणाऱ्याने दोन शब्दांत विचारलं ते हेच.

मग मोसुल तिकडे गेलं कसं? इथे मी थांबणार आहे, कारण मी इथेच आपटलोय. ऑटोमनांचं युद्ध थांबवणारी मुद्रोसची शस्त्रसंधी झाली ३० ऑक्टोबर १९१८ ला. ब्रिटिश फौजा मोसुलमध्ये शिरल्या त्यानंतर, नोव्हेंबरात. ही तारखांची फट लक्षात ठेवा. तुर्कांचं पुढचं सगळं भांडण या फटीवर उभं आहे. युद्ध थांबल्यावर घेतलेला मुलूख आमचाच, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरात फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सोने लंडनला येऊन मोसुलवरचा फ्रान्सचा दावा ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जसाठी सोडला. फुकट नव्हे : एप्रिल १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत मँडेट (राष्ट्रसंघाच्या नावाने परक्या मुलखावर कारभार करण्याचे हक्क) वाटले गेले, तेव्हाच्या तेलकरारात तिथल्या तेलात फ्रान्सला २५ टक्के वाटा मिळाला. तरी प्रश्न मिटला नाही. जुलै १९२३ च्या लोझान करारात तुर्कस्तानची बाकी बरीचशी हद्द ठरली, मोसुलची मात्र लोंबकळत ठेवली. नऊ महिन्यांत तुर्कस्तान आणि ब्रिटनने आपसात मिटवावं, नाहीतर राष्ट्रसंघाकडे जावं, असं ठरलं. मिटलं नाही. राष्ट्रसंघाने डिसेंबर १९२५ मध्ये मोसुल इराकला दिलं आणि जून १९२६ मध्ये अंकाऱ्यात तुर्कांनी ते मान्य केलं, तेही तेलाच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) १० टक्के भाग २५ वर्षं घेण्याच्या बोलीवर. किर्कुकजवळ तेलाचा मोठा फवारा उडाला तो त्यानंतर, १९२७ ला.

१९१६ ते १९२६. दहा वर्षं लागली एका सीमेला. आणि आपण ती एका वाक्यात मारून टाकतो.

रेघ मारली तेव्हा ती जमीन कुणाच्या हातात होती, हेही विचारा. एप्रिल १९१६ च्या २९ तारखेला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे ब्रिटिशांची सहावी पूना डिव्हिजन १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ऑटोमनांना शरण गेली. नावातच पुणं आहे, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. साइक्स-पिकोवर शिक्कामोर्तब झालं मे महिन्यात. म्हणजे आपली माणसं कैदी होऊन वाळवंटातून उत्तरेकडे चालत होती आणि तिकडे लंडन-पॅरिसमध्ये हातात नसलेल्या मुलखाचे हिस्से चालले होते. ती सीमा नव्हती, मनोराज्य होतं. ज्या परीक्षेच्या पुस्तकात कुतचा 'क' नाही, ते पुस्तक मी विद्यार्थ्यांना घेऊ देत नाही. हा माझा हट्ट समजा.

घाबरू नका. एवढं एक नीट बसलं की बाकीचा धडा आपोआप सरळ होतो.

कारण खरी गोम अभ्यासक्रमाच्या शब्दांत आहे. तिथे लिहिलंय, राष्ट्रीयत्वांच्या उदयापुढे साम्राज्यांचं विघटन. आधी राष्ट्र जागं होतं, मग साम्राज्य फुटतं, हा क्रम आपण गृहीत धरतो. बाल्कनमध्ये तो बऱ्यापैकी चालतो : १८०४ ला सर्बियात उठाव, १८२१ ला ग्रीसमध्ये, १८३० ला ग्रीस स्वतंत्र, १८७८ च्या बर्लिन परिषदेत सर्बिया, मॉन्टेनेग्रो, रुमानिया. (तरी अल्बानिया आठवा. बहुसंख्य मुस्लिम, साम्राज्यातून सर्वांत शेवटी निघणाऱ्यांपैकी. नोव्हेंबर १९१२ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं ते शेजारी आपला मुलूख वाटून घेताहेत हे दिसल्यावर.) बाल्कनचं यापेक्षा जास्त पाठ करू नका, तिथे कुणी नापास होत नाही.

अरब प्रांतांत मात्र गाडी उलटी चालते. साम्राज्य आधी कोसळलं, मग राज्यं केली गेली, आणि राष्ट्र म्हणून उभं राहण्याची धडपड सगळ्यांत शेवटी. ऑटोमन दफ्तरात 'इराक' नावाचा प्रांत नव्हता. मोसुल, बगदाद, बसरा असे तीन विलायेत होते. (हा शब्द म्हणजे आपलीच 'विलायत'. आपल्याकडे तो साहेबाच्या देशाला चिकटला, तिकडे प्रांताला.) अरबी राष्ट्रवाद नव्हताच असं मी म्हणत नाही, तसं लिहिलंत तर दुसऱ्या टोकाला पडाल. दमास्कस-बैरूतमध्ये तो होता. पण त्याला हवा होता एक मोठा अरब देश, आजचे पाच-सहा नव्हेत.

फैझलचंच बघा. हेजाझच्या (मक्का-मदिनेच्या मुलखाच्या) शरीफ हुसेनचा मुलगा. मार्च १९२० मध्ये दमास्कसला सीरियाचा राजा म्हणून जाहीर झाला. जुलैत मयसलूनच्या लढाईनंतर फ्रेंचांनी त्याला हाकललं. ऑगस्ट १९२१ मध्ये ब्रिटिशांनी त्याच माणसाला बगदादच्या गादीवर बसवलं. दीड वर्षात दोन देशांचा राजा! दरम्यान फ्रेंचांनी सप्टेंबर १९२० मध्ये बृहद् लेबनॉन जाहीर केलं आणि उरलेल्या सीरियाचे दमास्कस, अलेप्पो, अलावी, द्रुझ असे तुकडे केले. पण लोकही स्वस्थ बसले नव्हते. १९२० चा इराकमधला उठाव आणि १९२५ चा सीरियातला मोठा उठाव उत्तरात आलेच पाहिजेत, नाहीतर सगळं साहेबच करतो असं वाटतं. तसं वाटणं हाही त्या रेघेचाच परिणाम. एक गंमत : इराकमध्ये १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत आपला रुपया चालायचा. देश स्वतंत्र म्हणून राष्ट्रसंघात गेला तोही त्याच वर्षी.

तुर्कस्तान हेही कोसळण्यातून निघालेलं नवं राष्ट्रच आहे, हे मुलं विसरतात. युद्ध जिंकलेल्यांनी ऑटोमनांशी केलेल्या ऑगस्ट १९२० च्या सेव्हर करारात कुर्दांना स्वायत्ततेची आणि पुढे स्वातंत्र्याची शक्यता लिहून दिली होती, आर्मेनियाला स्वतंत्र मुलूख. तुर्की राष्ट्रवाद्यांचा नेता मुस्तफा केमाल याच्या फौजेने तो करार कागदावरच ठेवला. लोझानमध्ये कुर्दांचं नावही नाही. सोबत ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली, ती धर्म बघून, भाषा बघून नव्हे. घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात आले. हे उदाहरण वापराच. आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफत तुर्कांनी स्वतः रद्द केली, इंग्रजांनी नव्हे. खिलाफत चळवळीच्या उत्तरातसुद्धा ही चूक मी पाहिली आहे.

आता मार्गदर्शनाबद्दल. पैसे घेऊन 'मेंटॉरशिप' देणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं, मध्यपूर्वेसाठी एक पान पुरे. मी ऐकलं. तुम्ही ऐकू नका. टॉपरच्या नोट्स म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास. त्याने वाचलेलं त्याच्या डोक्यात असतं, तुमच्या हाती फक्त बाण आणि चौकटी येतात. मला सरळ केलं ते एका निवृत्त सरांनी. उत्तर वाचून ते फक्त विचारायचे, 'त्या तारखेला तिथे फौज कुणाची होती?' तीन महिने हाच एक प्रश्न. असा माणूस मिळाला तर त्याच्याकडे चहा करायलासुद्धा जा. नाही मिळाला तरी अडत नाही, तो प्रश्न तुम्हाला आता माहीत आहे.

करायचं एवढंच. शालेय साहित्याच्या दुकानात पश्चिम आशियाचा कोरा नकाशा मिळतो, त्याच्या झेरॉक्स काढा. एकावर मे १९१६, मग ऑक्टोबर १९१८, ऑगस्ट १९२०, जुलै १९२३, जून १९२६. पेन्सिलीने, पुस्तक मिटून. प्रत्येकावर मोसुल कुणाकडे ते लिहा. दहा-बारा प्रती जास्तच काढून ठेवा; माझ्या पहिल्या चार खोडून खोडून फाटल्या.