उत्तर म्हणजे ‘वर’ नव्हे: नकाशा आणि पृथ्वीगोल शिकवताना या चुका टाळा

तिसरीतल्या मुलाला विचारा, उत्तर दिशा कुठे? बोट छताकडे गेलं तर चूक त्याची नाही. नकाशा कायम भिंतीवर टांगूनच शिकवला की ‘उत्तर वर, दक्षिण खाली’ एवढंच डोक्यात बसतं. पहिले दोन-तीन तास नकाशा खिळ्याला लावूच नका. जमिनीवर पसरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे वळवा आणि मुलांना भोवती बसवा. काहींना अक्षरं उलटी दिसतील. दिसू द्या, दिशा कागदाच्या नसून जमिनीच्या असतात हे त्यातूनच कळतं.

खरी उत्तर सावलीवरून काढा. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि १२.१५ ते १ या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली पडते ती उत्तर. घड्याळात १२ वाजताची सावली घेऊ नका, हमखास फसाल. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि ठाणे ७३ अंशांच्या जवळ, त्यामुळे आपल्याकडे माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, सरासरी १२.४० च्या सुमारास होते. महिन्यानुसार त्यात पंधरा-सोळा मिनिटांचा फरक पडतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. म्हणून हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हेही ढोबळच. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस आपला सूर्योदय खऱ्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश सरकलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो तो स्टेशनमुळे. ‘ठाणे पश्चिम’ ही मुलांना दिशा वाटते, पण ते रुळांच्या एका बाजूचं नाव आहे. नौपाड्यातलं मूल ‘मी पश्चिमेला राहतो’ म्हणालं की लगेच विचारा, कशाच्या पश्चिमेला? मग ठाणे आणि खाडीपलीकडची ऐरोली शेजारी शेजारी मांडा. ठाण्यात येऊरचे डोंगर पश्चिमेला आणि खाडी पूर्वेला. ऐरोलीत तीच खाडी पश्चिमेला आणि पारसिकचा डोंगर पूर्वेला. खाडी जागची हललेली नाही, आपण पलीकडे गेलो. दिशा सापेक्ष असते हे समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

झेरॉक्सचा नकाशा वाटत असाल तर प्रमाण तपासा. ए-४ वरचा नकाशा ए-३ वर मोठा केला की प्रत्येक अंतर सुमारे १.४ पट होतं, पण ‘१ सेंमी = ५ किमी’ ही ओळ तशीच छापून येते. नकाशाबरोबर वाढते ती फक्त रेषाप्रमाणाची, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेली छापील पट्टी, म्हणून मोजायला तीच वापरा. पडताळा म्हणून बोरीबंदर (आजचं सीएसएमटी) ते ठाणे लोहमार्गावर दोरा वळवत न्या. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी धावली ते हे अंतर, सुमारे ३४ किमी भरलं पाहिजे.

प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग म्हणजे जंगल नव्हे, सखल जमीन. रंग आणि खुणांचा अर्थ सांगणारी सूची आधी वाचून घ्या. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात डहाणू-जव्हार ठाण्यात दिसत असतील तर तो १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा आहे, म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीचा. तो बदला.

पृथ्वीगोल मुलं हमखास उलटा फिरवतात. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरला पाहिजे. बॅटरीच्या उजेडात आधी जपान, मग आपण, मग आफ्रिका यायला हवी.

गोल कायम स्टँडवरच ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. सावलीच्या प्रयोगाच्या दिवशी तो कमानीतून सोडवा आणि उन्हात कापडाच्या चुंबळीवर ठेवा. ठाणे अगदी माथ्यावर आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे आला पाहिजे. आस जमिनीशी सुमारे १९ अंशांचा कोन करेल, तेच आपलं अक्षांश. ठाण्याच्या जागी मातीच्या गोळीत काडीपेटीच्या काडीचा सेंटीमीटरभर तुकडा उभा करा. त्याची सावली मैदानातल्या काठीच्या सावलीला समांतर पडते. मग मुलांना गोलावरची ऊन-सावलीची कड बोटाने गिरवायला सांगा. दुपारी १२.४० ला उत्तर अमेरिका अंधारात सापडेल.