गिअरबॉक्स उतरवण्याआधी बोल्ट हातात हवेत

क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनच्या मागच्या टोकाचं जड चक्र) घरी बदलणार असाल, तर गाडी जॅकवर घेण्याच्या आठ दिवस आधी बोल्टांची खरेदी उरका. गेल्या वर्षी जिप्सीच्या वेळी मी उलट केलं. रविवारी गिअरबॉक्स उतरवला, बोल्ट शोधायला निघालो, तर बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराजवळची दुकानं बंद. सोमवारी एका दुकानदाराने १० मिमी जाडीचा बोल्ट पुढे केला, "चाली जशे" (चालून जाईल) म्हणाला. हाताने दोन फेरे गेला आणि अडकला. तिथेच थांबलो. पाना लावून रेटला असता, तर ॲल्युमिनियममधले आटे गेले असते.

कारण पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. बाजारात सहज मिळणारा १० मिमीचा बोल्ट १.५ पिचचा असतो. जपानी घडणीच्या गाड्यांत बहुधा १.२५ लागतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणाऱ्या कवचाचा) वरचा, हाताशी येणारा एक बोल्ट काढा, पिच गेज (आट्यांचं अंतर मोजणाऱ्या दातेरी पट्ट्या) आणि व्हर्नियर लावून मोजा, नोंद करा, परत बसवा. तेच माप घेऊन मकरपुरा जीआयडीसीकडच्या (औद्योगिक वसाहतीकडच्या) नट-बोल्टवाल्यांकडे जा.

बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १०.९ मधल्या १० चा अर्थ सुमारे १००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटणार, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणाला कायमचा लांबणार. मूळ बोल्टावर जो आकडा, तोच घ्या. चकाकणाऱ्या स्टेनलेसचा मोह नको. ए२-७० असा शिक्का असलेला स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचाच, म्हणजे ८.८ पेक्षाही कमजोर.

फ्लायव्हीलचे बोल्ट मात्र बाजारातून आणूच नका. पार्ट नंबर सांगून कंपनीचे नवेच मागवा, किंवा फ्लायव्हीलच्या किटमधले वापरा. पुष्कळ गाड्यांत ते घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. एक्सलचा ठोकून लॉक केलेला नटही तसाच, दर वेळी नवा.

लांबीकडे फार कमी लोक बघतात, आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते. नवा भाग जाड असेल तर बोल्ट आखूड पडतो. ॲल्युमिनियममध्ये बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे आटे धरायला हवेत. भाग पातळ असेल तर बोल्ट बंद, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकाच्या तळाला टेकतो. टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की सांगणारा पाना) 'क्लिक' करतो, तुम्ही खूश, पण भाग मुळी आवळलेलाच नसतो. म्हणून आधी भोकाची खोली मोजा, वायसरची जाडी हिशेबात धरून.

थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) मध्यम ताकदीचा, निळा. तोही मॅन्युअल सांगेल तिथेच, आणि तेलकट आट्यांवर नाही. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि असेल तर पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक पेलणारं) याच खरेदीत घ्या, पुन्हा गिअरबॉक्स कोण उतरवणार?

शेवटी एका पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढून भोकं पाडा. तिथले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. जो जिथून निघेल, तो पुठ्ठ्यात त्याच जागी खोचा.